बत्तीस दातांच्या बाई

नवीन माणूस समोर आला की बाई त्याचं नाव विचारण्याआधी त्याचा जबडा बघून घेत. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत त्यांची नजर एकदा सावकाश फिरायची आणि मग चेहऱ्यावर एकतर समाधान दिसायचं किंवा कीव. माझ्या वाट्याला कीव आली.

दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. अंबाडी नाक्यावरच्या माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. राहायला भिवंडीत. सकाळी वाड्याची एसटी पकडायची, नाक्यावर उतरायचं, संध्याकाळी मिळेल त्या जीपने परत. लागले आणि आठवड्याभरातच माझा उजवा गाल सुजला. गालाला रुमाल लावून मी शिक्षकांच्या खोलीत बसले होते. विज्ञानाच्या बाई तास संपवून आल्या, माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतून एक छोटी बॅटरी काढली.

"तोंड उघड."

"काही नाही बाई, नुसता गाल जरा..."

"गाल कधी नुसता सुजत नाही. उघड."

सगळ्या शिक्षकांच्या समोर मी तोंड उघडलं. बाईंनी बॅटरीचा झोत आत टाकला, मान वाकडी केली आणि एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाल्या, "आली का? अक्कलदाढ आहे. अर्धी वर आल्येय, अर्धी हिरडीखालीच. त्या हिरडीच्या टोपीखाली तुझी कालची पोळी अडकून कुजत्येय. दुखेल नाहीतर काय होईल? पण दाढेचा काही दोष नाही हं. ती वेळेवर आली. तूच जागा ठेवली नाहीस."

मी जागा कशी ठेवायला हवी होती, हे त्यांनी तिथल्या तिथे दाखवलं. कपाटातला खडूचा नवा डबा रिकामा केला आणि त्यात एकेक खडू उभा लावत गेल्या. शेवटचा एक उरला. तो सरळ जाईना. बाईंनी तो दाबला, तसा तो तिरका होऊन शेजारच्या खडूवर रेलला. आणखी दाबला, तशी सगळी ओळच वाकडी झाली.

"हे बघ. आपले पूर्वज कंदमुळं खायचे, कच्चं मांस खायचे. दिवसभर चावत बसायचे, म्हणून जबडे लांब. मागच्या दाढांना ऐसपैस जागा. मग माणसाला विस्तव सापडला. शिजवायला लागला, दळायला लागला, मऊ खायला लागला. जबडा आखूड झाला. पण दाढांना कोणी कळवलं नाही. त्या आपल्या सगळ्यांच्या शेवटी, अठरा-वीस-पंचविशीत येतात, आणि बघतात तर डबा भरलेला!"

ती दाढ मी भिवंडीला जाऊन काढून घेतली. बाईंनी ती मागून घेतली, उकळून स्वच्छ केली आणि प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत ठेवली. बाटलीवर माझं नाव आणि 'विषय मराठी' अशी चिठ्ठी चिकटवली. पुढची कित्येक वर्षं विज्ञान प्रदर्शनात पोरं माझ्या दाढेपुढे गर्दी करायची, दाढेकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची.

बाई मूळच्या दिघाशीच्या. घर शेतकऱ्याचं, भातशेती आणि थोडी वालाची. गावातून बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी म्हणून त्यांचं मोठं कौतुक झालं होतं, पण त्या स्वतः कौतुक करायच्या ते आपल्या दातांचं. बत्तीसच्या बत्तीस शाबूत. चारही अक्कलदाढा सरळ, रांगेत उभ्या. पन्नाशी उलटली तरी दाताने ऊस सोलायच्या. त्या हसल्या की मागच्या दाढांपर्यंत सगळं दिसायचं, आणि ते दिसावं अशीच त्यांची इच्छा असायची. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आलेल्या पहिल्याच मुलाला मी म्हटलं, सुपारी फोडून दाखव. तो उठून गेला. बाकीच्यांना बातमी लागली."

खरं-खोटं त्यांनाच माहीत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लहानपणी जो चावून खातो त्याचा जबडा वाढतो, आणि जबडा वाढला की अक्कलदाढ नीट बसते. म्हणून पोरांना कडक खायला घाला. त्यांच्या पिशवीत पुस्तकांच्या बरोबरीने भाजलेले चणे, आवळे, उसाची कांडकी असायची. बरोबर उत्तर दिलं की चणे मिळायचे. चुकीचं दिलं तरी चणेच मिळायचे, पण ते तासभर उभं राहून चावायचे. मधल्या सुट्टीत त्या डबे तपासत फिरायच्या. कोणाच्या डब्यात ब्रेड दिसला की तो दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवायच्या, "हे काय आहे? कापूस! हा भिवंडीला लूमवर पाठवा, कापडाचा तागा निघेल."

एकदा आठवीतल्या एका पोराने धीर करून विचारलं, "बाई, अक्कलदाढ आली की अक्कल येते का?"

"अक्कल यायच्या वयाला येते म्हणून तसं नाव आहे," बाई म्हणाल्या. "सोबत अक्कल येतेच असं काही नाही. आपल्या मोठ्या सरांना चारही आलेल्या आहेत."

मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. त्यांना चहात बिस्किट बुडवून खायची सवय होती. बाई खोलीत आल्या की बिस्किट टेबलाच्या खणात जायचं. एकदा घाईघाईत ते चहातच विरघळलं आणि सरांनी बाईंच्या समोर तो लगदा निमूटपणे पिऊन टाकला.  बाई जाताना फक्त म्हणाल्या, "सर, दात आहेत अजून. वापरा."

पालकसभेला तर मजा असायची. नाक्याजवळच्या लूमवर काम करणारा एक कारीगर आपल्या पोराची तक्रार घेऊन आला होता. "मॅडम, बच्चा पढता नही है."

"पढेगा. पहले ये बताओ, सुबह खाता क्या है?"

"चाय-पाव."

"और रात को?"

"दाल में भिगो के पाव."

बाईंनी कपाळाला हात लावला. "भाईसाब, ये बच्चे को दाँत किसलिए दिया भगवान ने? फोटो खिचवाने को?" तो बिचारा अभ्यासाचं विचारायला आला होता, आणि उद्यापासून गाजर-मुळा देतो असं कबूल करून गेला.

सगळ्यात मोठा पराक्रम त्यांनी गणेशपुरीला केला. शाळेची सहल होती. तिथे आश्रमात आलेली एक परदेशी बाई झाडाखाली बसली होती. बाई थेट तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या गालाच्या मागच्या बाजूला बोट लावून विचारलं, "हाऊ मेनी?" तिला आधी कळेना. बाईंनी आ करून स्वतःची अक्कलदाढ दाखवली. तेव्हा ती खळखळून हसली आणि हाताने खूण करत सांगितलं, चारही काढल्या, कॉलेजात असतानाच काढल्या. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. परत येताना सगळी बस ऐकत होती, "बघितलंत? एवढा श्रीमंत देश, आणि एक दाढ बसवायला जागा नाही! ब्रेड खातात, दुसरं काय?"

आपलं म्हणणं सिद्ध करायला बाईंकडे एक जिवंत पुरावा होता. त्यांची भाची, मनीषा. भावाची मुलगी. भाऊ ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून कधीतरी घरी यायचा. भावजय मनीषा लहान असतानाच तापाने गेली, आणि तेव्हापासून पोर बाईंच्याच हाताखाली वाढली. तांदळाची भाकरी मऊ पडते म्हणून तिच्यासाठी वेगळी नाचणीची भाकरी व्हायची, तीही सकाळची संध्याकाळी. खोबरं किसायचं नाही, तुकडा हातात द्यायचा. भात मोकळा, जरा फडफडीतच. गावात बायका बोलायच्या, आई नसलेल्या पोरीला आत्या मऊ घासही देत नाही म्हणून. बाई तिकडे लक्ष देत नसत.

मनीषा गोड पोर होती. लहानसा चेहरा, बारीक आवाज, सरळ मोत्यासारखे दात. दरवर्षी विज्ञान प्रदर्शनाला बाई तिला शाळेत आणायच्या. एका बाजूला बाटलीत माझी दाढ, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर मनीषा. "ही ब्रेड खाऊन आलेली. आणि ही नाचणी खाऊन वाढलेली. हिच्या चार अजून यायच्यात. बघाल तुम्ही, शिपायासारख्या सरळ उभ्या राहतील." मनीषा आ करायची. पोरं रांगेने बघून जायची. मी एकदा तिला हळूच विचारलं होतं, "तुला लाज नाही वाटत गं?" ती म्हणाली, "वाटते की. पण आत्याला किती बरं वाटतं!"

ती विशीला आली तेव्हा डी.एड. करत होती. बाईंनीच तिला घातलं होतं. पुढे आपल्याच शाळेत पाचवी-सहावीला विज्ञान शिकवेल, असं त्या सगळ्यांना सांगत.

त्या वर्षी वालाच्या शेंगा आल्या तेव्हा बाईंनी मला एका रविवारी दिघाशीला जेवायला बोलावलं. मी पोचले तेव्हा अंगणात विस्तवावर शेंगा भाजत होत्या. मनीषाने पाणी आणून दिलं. डोक्यावरून ओढणी घेतली होती आणि तिचं एक टोक गालावर ओढून धरलेलं. मी म्हटलं, "थंडी वाजते का गं?" तिने नुसती मान हलवली.

जेवायला बसलो. वालाचं बिरडं, सुकट, नाचणीची भाकरी. मनीषा वाढत राहिली, बसली नाही. बाई म्हणाल्या, "मागनं खाते ती हल्ली. अभ्यास असतो." जेवण झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातला ऊस उचलला, गुडघ्यावर मोडला आणि एक कांडकं मनीषाकडे केलं.

"मने, दाखव मॅडमना. ह्यांना दाताने ऊस सोलता येत नाही अजून."

मनीषाने ऊस हातात घेतला. तोंडाजवळ नेला. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ऊस खाली पडला.

बाई उठल्या. त्यांनी तिच्या गालावरची ओढणी बाजूला केली. डावा गाल सुजून तुकतुकीत झाला होता, आणि जबड्याच्या खाली गळ्यापर्यंत सगळं टणक लागत होतं. बाईंनी हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. पोर तापाने फणफणली होती.

"तोंड उघड."

मनीषाने प्रयत्न केला. एक बोट जेमतेम जाईल एवढंच उघडलं. बाईंनी बॅटरी आणली होती, पण झोत आत टाकायला वावच नव्हता. त्या तशाच बॅटरी पेटवून उभ्या राहिल्या.

शाळेत बाई शुद्ध बोलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना घरच्या बोलीत ऐकलं.

"कवापासून हाय ह्या?"

"लई दिवस झाले आत्या. गोळ्या घेत होते. मधी कमी झालेला."

"आनि मला का न्हाय सांगलंस?"

मनीषा रडत होती. शब्द नीट फुटत नव्हते. "तू सगल्यांना सांगत होतीस ना, माझ्या सरळ येतील म्हनून."

बाईंनी बॅटरी विझवली.  त्यांनी पायांत चप्पल घातली, मनीषाच्या खांद्याभोवती शाल गुंडाळली आणि शेजारच्या घरापुढे उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याला हाक मारली.

आम्ही तिघी पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलो. अंबाडी, मग भिवंडी. रविवार, म्हणून माझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. ते वरच्याच मजल्यावर राहत. जिन्यात आमचा आवाज ऐकून खाली आले. त्यांनी मनीषाला खुर्चीवर न बसवता उभ्या-उभ्याच बघितलं, जिभेखाली चमच्याने दाबून पाहिलं, "थुंकी गिळता येते का?" असं विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

"हे माझ्या दवाखान्यातलं काम राहिलं नाही," ते म्हणाले. "अक्कलदाढेतला पू खाली उतरलाय. सूज जिभेखाली चालल्येय. अशीच वाढली तर श्वास कोंडेल. आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्या. मी तिथे फोन करतो. वाटेत झोपू देऊ नका तिला, बसवूनच न्या."

बाई म्हणाल्या, "दाढेने माणूस मरतो, डॉक्टर?"

"वेळेवर आलात."

ठाण्याला पोचेपर्यंत बाईंनी मनीषाला आपल्या छातीशी टेकवून ताठ बसवून धरलं होतं. तिचा श्वास घरघरत होता. प्रत्येक श्वासाबरोबर बाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतायत. कान देऊन ऐकलं तर त्या म्हणत होत्या, "घे. सोड. घे. सोड."

मोठ्या रुग्णालयात तिला लगेच आत घेतलं. जबड्याखाली छेद देऊन पू काढला, सलाईनमधून औषधं चालू केली. तिथल्या सर्जन बाईंनी बाहेर येऊन सांगितलं की श्वासाला आता धोका नाही, पण दाढ काढावी लागेल, ताप उतरला की काढू. मग त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावून दाखवला. मला त्यातलं काही कळत नाही, पण तेवढं मलाही दिसलं. सगळे दात उभे, आणि शेवटची दाढ अगदी आडवी. हाडाच्या आत झोपल्यासारखी, डोकं पुढच्या दाढेच्या मुळाला टेकवून. उजवीकडेही तसंच.

बाईंनी फिल्मवरच्या त्या आडव्या दाढेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मी हिला दात आल्यापासून कडक खायला घातलं. कधी मऊ दिलं नाही."

"चांगलंच केलंत," सर्जन बाई म्हणाल्या. "एकही दात किडलेला नाही. चावण्याने जबडा वाढतो, हेही काही खोटं नाही. पण सगळंच चावण्यावर नसतं ना. जबडा आईबापांकडूनही येतो. एकाकडून जबडा लहान, दुसऱ्याकडून दात मोठे, असंही होतं. काही लोकांना तर अक्कलदाढा येतच नाहीत. हिची आई कशी आहे? चेहऱ्याने?"

बाई वळून दाराकडे चालू लागल्या. आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. संध्याकाळची वेळ, नातेवाईक डबे घेऊन येत होते. बाई बोलल्या, माझ्याशी की स्वतःशी, कोणास ठाऊक.

"लहानशी होती. हिच्याएवढीच. हसली की पदर तोंडावर घ्यायची. मी हिच्या तोंडात आमच्या घरचा जबडा शोधत राहिले गं. हिचं तोंड तर हिच्या आईचं हाय."

आणि मग त्या रडल्या. मोठ्याने, न लपवता. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही.

मनीषा बरी झाली. ताप उतरल्यावर दाढ काढली, हाड कोरून, दोन तुकडे करून. महिन्याभराने उजवीकडचीही काढून टाकली, ती दुखायच्या आधीच. मधल्या दिवसांत तिला फक्त पातळ खायचं होतं. बाईंनी एकदा मला घरी बोलावून विचारलं, "गुरगुट्या भात कसा करतात? पाणी किती?" त्यांना खरंच येत नव्हता. पहिल्या दिवशी खाली लागला, दुसऱ्या दिवशी गाठी झाल्या. मनीषा टाके असलेल्या तोंडाने हसायची आणि गाल धरायची.

रजा संपवून शाळेत परत रुजू झाल्यावर बाई थेट नववीच्या वर्गात गेल्या. मी शेजारच्या वर्गात होते, मधलं दार उघडं होतं. त्यांनी तो एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला.

"हा मनीषाताईचा जबडा आहे. नाचणी खाऊन वाढलेला. बघा, दाढ कशी आहे."

"आडवी, बाई," पोरं एका सुरात म्हणाली.

"मी काय सांगितलं होतं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"सरळ येईल असं सांगितलं होतं. चुकीचं होतं ते. अर्धं बरोबर होतं आणि अर्धं चुकीचं, आणि मी पूर्ण बरोबर म्हणून शिकवलं. एका माणसावरून मी सगळ्या माणसांचं सांगत होते. असं कोणी करायचं नाही. दुसरं, कोणाचं काही दुखत असेल तर आधी सांगायचं. मास्तरांना काय वाटेल, बाईंना काय वाटेल, हे नंतर."

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "म्हणजे चणे बंद का बाई?"

बाईंनी एक्स-रे काचेवरून खाली घेतला. "चणे चालू," त्या म्हणाल्या. "माझी खात्री तेवढी बंद."

मोठे सर त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंसमोर उघडपणे बिस्किट बुडवून खात होते. बाईंनी बघितलं आणि आपला कप त्यांच्या शेजारी नेऊन ठेवला. बिस्किट मात्र घेतलं नाही.

यानंतर एक गोष्ट घडली, जी मला बाईंच्या बाकी सगळ्या गमतींपेक्षा जास्त आठवते. हे मला मनीषानेच सांगितलं. दुसरी दाढ काढून घरी आल्यावर एके दुपारी बाई तिच्या खाटेजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मने, अजून काय काय लपवलायस माझ्यापासून? सांगून टाक. मी काय बोलनार न्हाय."

मनीषा म्हणाली, काही नाही.

"हाय. तुझ्या तोंडावर दिसते."

मग मनीषाने सांगितलं. तिला डी.एड. करायचं नव्हतं. वर्गापुढे उभं राहायची तिला भीती वाटायची. तिला ब्यूटी पार्लर काढायचं होतं, अंबाडी नाक्यावर. एका मैत्रिणीकडे ती गुपचूप शिकत होती. भुवया कोरणं, मेंदी, लग्नातल्या नवऱ्या सजवणं.

बाईंना पार्लरचा किती तिटकारा होता, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. एखादी शिक्षिका भुवया कोरून आली की त्या म्हणायच्या, "घामाचं पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्या असतात. उपटायला नसतात." मनीषा सांगत होती की आत्या उठून मागच्या अंगणात गेली, गोठ्यापाशी नुसतीच उभी राहिली, मग परत आली. म्हणाली, "आधी डी.एड. पुरा कर. राहिलेले दिवस थोडे हायत. मंग काढ तुझा पार्लर."

आणि तसंच झालं. शेवटचा पेपर दिला आणि पावसाळा संपल्यावर मनीषाने नाक्यावर एक छोटा गाळा घेतला. आरसा, एक खुर्ची, गुलाबी पडदा. पूजेला आम्ही सगळ्या शिक्षिका गेलो. नारळ फुटला, पेढे वाटले. पण खुर्चीवर बसायला कोणी पुढे होईना. मास्तरणीच त्या, आणि समोर बाई उभ्या. मनीषा हातात दोरा गुंडाळून उभी होती. तिच्या जबड्याखालचा व्रण आरशात दिसत होता.

बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि जाऊन खुर्चीत बसल्या.

"आत्या, तू?"

"मग काय झालं? गिऱ्हाईक न्हाय का मी?"

मनीषाने दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं आणि आत्याच्या भुवईवर वाकली. बाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट पकडले. पहिला ओढा बसला आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मनीषा लगेच थांबली.

"दुखते का आत्या?"

आम्ही सगळ्या बघत होतो. एरवी त्या नाही म्हणाल्या असत्या. काट्याने पाय फाटला तरी 'काही नाही' म्हणणारी बाई ती.

"दुखते," बाई म्हणाल्या. "लई दुखते. तू कर."